वरची फळी आणि खालचा फाळका

यात्नो विगातीला पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याला तिचे फक्त पाय दिसले. एका पायात निळी चप्पल होती, दुसऱ्यात हिरवी.

बाकीची विगाती एका ट्रकच्या फाळक्याआड होती. रस्त्याची धूळ ओल्या रंगावर बसू नये म्हणून फाळका भिंतीकडे तोंड करून उभा करायचा आणि रंगवणाऱ्याने मधल्या चिंचोळ्या जागेत शिरायचं, ही पाक गिमिनच्या वर्कशॉपची जुनी पद्धत. त्यामुळे गिऱ्हाइकांना तिथे बहुधा पायांशीच बोलावं लागे.

"मास्तर आहेत का?" यात्नोने चपलांना विचारलं.

"कुठले मास्तर?"

"वाक्यं लिहिणारे. पाक गिमिन."

"झोपलेत."

"कधी उठतील?"

"जेवायला वाढलं की."

"आणि तू काय करतेस?"

"मी?" हिरवी चप्पल थोडी हलली. "मी रंग वाळतोय का ते बघते."

आमच्या वेलेरी गावावरून जावा बेटाचा किनाऱ्याचा रस्ता जातो. त्यावरून दिवसाला हजार ट्रक जातात आणि प्रत्येकाच्या पाठीवर एक वाक्य असतं. आमच्याकडे माणसाने घर बांधलं नाही तरी चालतं, पण ट्रकच्या पाठीवर वाक्य नसेल तर लोक चौकशी करतात, घरी कोणी गेलं का म्हणून. अर्धं वाक्य वरच्या ठोकलेल्या फळीवर, अर्धं खालच्या उघडझाप होणाऱ्या फाळक्यावर. मागच्या गाडीवाल्याने वरचं वाचायचं, खालचं वाचायचं, हसायचं आणि हसता हसता ब्रेक मारायला विसरायचं.

ही वाक्यं वेलेरीच्या पाक गिमिनची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रत्येक वाक्याखाली बारीक अक्षरात सही असे – 'गिमिन, वेलेरी'. सहा वर्षांपूर्वी म्हाताऱ्याचा हात कापायला लागला. तेव्हापासून अक्षर आणि अक्कल दोन्ही मुलीची, विगातीची, नाव तेवढं बापाचं... हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. गिमिनलाही अधूनमधून विसर पडायचा.

"तुम्हाला काय हवंय, कांग?" फाळक्याआडून आवाज आला.

पाक म्हणजे बाबा, बू म्हणजे आई, म्बाक म्हणजे ताई आणि कांग म्हणजे थोरला भाऊ. आमच्याकडे अनोळखी पुरुषाला कांग म्हणतात आणि नवऱ्यालाही कांगच म्हणतात. मधल्या प्रवासाला वेगळा शब्द नाही.

"मागचं वाक्य पुसायचंय, म्बाक. रविवारी मुलगी बघायला जायचंय. याच गाडीतून. दुसरी गाडी नाही."

"काय लिहिलंय असं?"

यात्नोने मान खाली घातली, जणू ते त्याच्या स्वतःच्या पाठीवर लिहिलं होतं. "'जिथे मिळाला गरम चहा – तिथेच आमची सासुरवाडी.' गाडी जुनी घेतली ना... वाक्य आधीच्या मालकाचं. दोन ठिकाणी मुलगी बघून आलो. दोन्हीकडे गाडी अंगणात लावली. दोन्हीकडे चहा गरम दिला आणि निरोप थंड दिला."

फाळक्याआडच्या दोन्ही चपला एकमेकींजवळ सरकल्या.

"सही घासून गेलीय. कोणी लिहिलं असेल हो असलं?" यात्नो म्हणाला.

"लिहिलं असेल कोणीतरी..." आवाज जरा बारीक झाला. "अक्षर कसं आहे?"

"अक्षर फार चांगलंय. तिथेच तर घोळ आहे. मुलीच्या बापाला फाटकातूनसुद्धा वाचता येतं."

तेव्हा विगाती बाहेर आली. नाकावर पिवळ्या रंगाचा ठिपका, केसांत खोचलेला ब्रश, आणि चेहऱ्यावर दोन लग्नं मोडल्याचा अपराधीपणा. यात्नोला यांतलं फक्त नाक दिसलं. पण ते त्याने बराच वेळ बघितलं.

"कसलं वाक्य हवंय?" तिने विचारलं.

"असं की मुलीच्या बापाने वाचावं आणि मुलगी द्यावी."

"वाक्य वाचून देतोय? मुलगी देतोय की वाचनालयातलं पुस्तक?"

"म्बाक, मी एकोणतीस वर्षांचा आहे. आई रोज सकाळी मला भात वाढते आणि वाढताना सुस्कारा टाकते. आता भाताला सुस्काऱ्याची चव लागायला लागली."

विगाती हसली नाही. तिने केसांतला ब्रश काढला, टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि म्हणाली, "आई काय म्हणते?"

"सून आण म्हणते."

"आणि गाडी?"

"गाडी?" तो चक्रावला. "गाडीचे मागचे दोन्ही टायर गेलेत. गाडी काय म्हणणार..."

"झालं की मग." तिने ब्रश हवेत फिरवला. "वरच्या फळीवर – 'आई म्हणते सून आण.' खाली फाळक्यावर – 'गाडी म्हणते टायर आण!'"

यात्नोने ते एकदा ओठांत पुटपुटून बघितलं. मग त्याच्या पोटातून हसू वर आलं, ते इतकं की त्याला रंगाच्या डब्यावर बसावं लागलं. डबा उघडा होता. त्या दिवसापासून त्याच्या एका पॅंटला पिवळी बैठक आहे.

"हे... हे तू केलंस? आत्ता? उभ्या उभ्या?"

"हळू बोला! बापाक झोपलेत."

"म्हणजे ती सगळी वाक्यं..."

"कांग," विगाती ब्रश त्याच्याकडे रोखून म्हणाली, "जे बघितलं ते बघितलं. बोललात तर खाली अजून एक ओळ लिहीन – 'शिवाय घोरतो.'"

रंग वाळायला तीन दिवस लागतात. गाडी वर्कशॉपमध्ये ठेवून घरी जायचं आणि थेट रविवारी न्यायला यायचं, हा साधा हिशेब. पण यात्नो बुधवारी आला, गुरुवारी आला, शुक्रवारी नमाज आटोपून आला. पहिल्या दिवशी म्हणाला, गाडीत रुमाल राहिलाय. दुसऱ्या दिवशी म्हणाला, रुमाल सापडला हे सांगायला आलोय. तिसऱ्या दिवशी काही न बोलता त्याने पॉलिश पेपर उचलला आणि दुसऱ्या एका फाळक्याच्या कडा घासायला बसला.

हा दुसरा फाळका पाक न्गादिमान या कांद्याच्या व्यापाऱ्याचा. त्याची गाडीही त्याच कंपनीची, त्याच मापाची, तशीच पिवळी. त्याच्या वरच्या फळीवर लिहिलेलं होतं – 'घरात दोघी, रोज भांडण,' आणि खाली फाळक्यावर – 'तिसरी आणली, दोघींचं जमलं!'

"तीन बायका?" यात्नोने घासता घासता विचारलं.

"एक. आणि तिच्यासमोर ते बसतसुद्धा नाहीत, उभे राहतात." विगाती अक्षरांना काळी कड देत होती. "तुम्हाला एक गंमत सांगू, कांग? जो पाठीवर 'गावोगावी बायको' लिहून घेतो ना, तो गावोगावी गाडी थांबवतो आणि घरी फोन करतो – कोंबड्या झाकल्यास का म्हणून. जो 'मरणाला भीत नाही' लिहितो, तो माझ्यापाशी येऊन कुजबुजतो, म्बाक, शिडीवर मी चढणार नाही हं, चक्कर येते."

"आणि ज्याला काहीच लिहायचं नसतं?"

"तो लबाड. त्याच्यापासून लांब राहावं."

"आणि जो तीन दिवस रुमाल शोधतो?"

ब्रश थांबला. छपरावर बारीक पाऊस वाजत होता, रस्त्यावर ओल्या टायरांचा सुस्कारा... विगातीने मान वर केली नाही, पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि तो रंग दुकानातल्या कुठल्याच डब्यात नव्हता.

"तो," ती हळूच म्हणाली, "रविवारी कालिवुंगूला मुलगी बघायला जातो."

"हो," यात्नो म्हणाला. "जातो खरा."

मग दोघांनी आपापले फाळके एवढ्या मन लावून घासले आणि रंगवले की पाक गिमिन आतून ओरडला, "अगं, लाकूड शिल्लक ठेवा जरा!"

त्या वर्कशॉपच्या दारावर एक पाटी होती. गिमिनने हात शाबूत असताना स्वतः लिहिलेली: 'चूक आमची – दुरुस्ती फुकट. चूक तुमची – चहा फुकट.' चाळीस वर्षं तो तिला जागला होता. दुसरा एक नियम पाटीवर नव्हता, पण गावाला पाठ होता: गिमिन ड्रायव्हरला मुलगी देणार नाही. दुकान सांभाळून त्याने स्वतः अकरा वर्षं ट्रकही चालवला होता. "ड्रायव्हरची बायको आणि बंदरावरचा दिवा," तो म्हणायचा, "दोघांचं काम एकच. जळत वाट बघायची." त्याची बायको बारा वर्षांपूर्वी गेली, तेव्हा तो गाडी घेऊन सुराबायात होता. हे वाक्य त्याने कधी कुठल्या ट्रकवर लिहिलं नाही.

शनिवारी विगातीने दोन्ही फाळक्यांच्या आतल्या बाजूला खडूने आकडे घातले. यात्नोचा एक, न्गादिमानचा दोन. दरवेळी घालायची. एकसारख्या दोन गाड्या आल्या की हे करावंच लागतं.

रविवारी सकाळी यात्नो बाटिकचा शर्ट घालून आला. आईला गल्लीच्या तोंडाशी थांबवून आला होता. विगाती समोर आली नाही. स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "फाळके कप्पीखाली ठेवलेत. आकडा बघून लावा, कांग. शुभेच्छा."

कप्पीची साखळी बराच वेळ वाजली. मध्येच थांबली. पुन्हा वाजली. मग गाडी सुरू झाली आणि आवाज कालिवुंगूच्या दिशेने गेला.

त्या सकाळी कढईतला तेम्पे – आंबवलेल्या सोयाबीनची वडी – करपला. विगातीच्या हातून तेम्पे करपायची ही पहिलीच वेळ. गिमिनने करपलेला तुकडा उलटसुलट करून बघितला, लेकीकडे बघितलं आणि निमूट खाल्ला. तासाभराने न्गादिमानचा माणूस आला आणि राहिलेला फाळका लावून दुसरी गाडी घेऊन गेला. त्याला वाचता येत नव्हतं.

दुपारी तीनला यात्नोची गाडी परत आली. ती थांबायच्या आत तिच्यातून एक छोटी, गोल, रागाने फुललेली बाई उतरली. हातात केळीच्या पानात बांधलेला वाजिक – गुळात शिजवलेला चिकट भात, मुलीकडे न्यायचा. तो चिकटला की सोयरीक चिकटते म्हणतात. पुडा न सोडता परत आला होता.

"गिमिन कोण?" यात्नोची आई, बू तुमिनी, कडाडल्या.

"मी," गिमिन उठत म्हणाला. झोपेतून नव्हे, भीतीने.

"या इकडे. वाचा."

गिमिन गाडीमागे गेला. वरची फळी वाचली. खालचा फाळका वाचला. 'आई म्हणते सून आण – तिसरी आणली, दोघींचं जमलं!'

"अरे बापरे," गिमिन म्हणाला.

"तुम्ही अरे बापरे म्हणालात. मुलीचे वडील काही म्हणाले नाहीत. गावचे सचिव आहेत ते. त्यांनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा पुसला. परत वाचलं. मग सगळ्या आळीला ऐकू जाईल असं वाचलं. आणि मला विचारतात, 'बू, पहिल्या दोघी गाडीतच आहेत का?' मी म्हटलं, अहो, इथे पहिलीचाच पत्ता नाही! तर म्हणतात, 'पत्ता नाही म्हणजे? पळून गेली?'"

फाळक्याआडून एक आवाज आला. हसू दाबल्यावर येतो तसा. खाली एक निळी आणि एक हिरवी चप्पल थरथरत होती.

"हसतंय कोण?" बू तुमिनींनी दाराकडे बोट केलं. "ही पाटी तुमचीच ना? 'चूक आमची – दुरुस्ती फुकट.' करा दुरुस्ती."

"फाळका लगेच बदलून देतो, बू..."

"फाळका घाला चुलीत! माझ्या मुलाचं लग्न मोडलं. ते दुरुस्त करा. फुकट."

गिमिनने चाळीस वर्षांत बिजागऱ्या दुरुस्त केल्या होत्या, चाकं, साखळ्या, एकदा एका सासऱ्याची कवळीसुद्धा. लग्नाचा माल त्याच्याकडे नव्हता. म्हणजे... होता. पण तो विकाऊ नव्हता. त्याने घसा साफ केला.

"विगाती! बाहेर ये. यांना चुकीचा फाळका कोणी दिला?"

विगाती बाहेर आली. यात्नोकडे न बघता म्हणाली, "मी दिला, बापाक. चूक माझी."

"खोटं आहे," यात्नो म्हणाला. इतका वेळ तो गाडीच्या टायरला चिकटून उभा होता. "तिने नाही दिला. मी लावला. चूक माझी."

"तुम्ही गप्प बसा, कांग. आकडा पुसट झाला असेल."

"आकडा ठळक होता."

"मग तुम्हाला दिसला नसेल."

"दिसला."

"दिसला?" बू तुमिनींच्या हातातला पुडा खाली आला.

"दिसला, आई. एक पण दिसला, दोन पण दिसला. दोन्ही फाळके वाचले. मग... दोन उचलला."

"का रे, मेल्या?"

यात्नोने बाटिकच्या शर्टाचं खालचं बटण काढलं, लावलं, परत काढलं. "एक लावला असता," तो म्हणाला, "तर लग्न ठरलं असतं ना."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. दुसरा गेला. कोणीही त्यांच्या पाठी वाचल्या नाहीत.

"मी बघत होते," विगाती एकदम म्हणाली. "खिडकीतून. तुम्ही दोन उचललात तेव्हा ओरडायला तोंड उघडलं... आणि मिटलं. म्हणून तेम्पे करपला. म्हणजे चूक माझीच."

"माझी आधी."

"माझी मोठी!"

"थांबा!" गिमिन ओरडला. कापणारा हात त्याने दुसऱ्या हाताने धरला. "विगाती, हा ड्रायव्हर आहे. मी ड्रायव्हर ओळखतो. जन्मभर त्यांच्या पाठी लिहिल्यात."

"सहा वर्षं मी लिहितेय, बापाक." ती हे शांतपणे म्हणाली. चार माणसांसमोर पहिल्यांदाच. "पुढून फुशारकी, मागून भीती, सगळं माझ्यापाशी येऊन बोलतात ते. म्हणून सांगते, हा वेगळा आहे. बाकीच्यांनी पाठीवर खोटं लिहून घेतलं आणि घरी खरे राहिले. याने खरं वाक्य मिळालं असताना खोटं उचललं, सगळ्या आळीसमोर फजिती करून घेतली, आणि... इथे परत आला. आईने जशी वाट बघितली तशी मलाही बघावी लागेल, ठाऊक आहे. पण तुम्ही नव्हतात तेव्हाही आई दिवसभर हसायची, बापाक. ते तुम्ही बघितलं नाहीत. मी बघितलंय."

गिमिनने पाटीवरची धूळ बाहीने पुसली. ती त्याने लिहिली तेव्हा हात एवढा स्थिर होता की 'फुकट'मधला 'ट' अजून दुकानात सगळ्यांत देखणा होता.

"चाळीस वर्षांत," तो शेवटी म्हणाला, "या दुकानात चुकीला मालक मिळाला नाही. आज एका चुकीला दोन मिळाले." त्याने नाक पुसलं. "चूक आमचीही, चूक तुमचीही. म्हणजे नियमाप्रमाणे दोन्ही फुकट. विगाती... चहा ठेव."

बू तुमिनींना हे कळायला क्षणभर लागलं. मग त्यांनी तिथेच, रंगाच्या डब्यावर पुडा सोडला आणि वाजिकचा मोठा तुकडा गिमिनच्या तोंडात कोंबला. गिमिनला अजून दोन-चार अटी घालायच्या होत्या, पण वाजिक चांगला चिकट होता. त्या अटी आजतागायत त्याच्या दातांत आहेत.

राहता राहिला न्गादिमान. त्याच्या गाडीवर आता लिहिलेलं होतं: 'घरात दोघी, रोज भांडण – गाडी म्हणते टायर आण!' विगाती दुसऱ्या दिवशी फाळका बदलायला गेली तर तो हात लावू देईना. सगळ्या बाजारात कोणालाच त्या वाक्याचा अर्थ लागत नव्हता, आणि त्यामुळे न्गादिमान विचारवंत आहे असं लोक म्हणू लागले होते. पेकालोंगानहून एक मौलवी मुद्दाम ते वाचायला येऊन गेले. बायको त्याला आता बसू देत होती. असला फाळका कोण परत करील?

तेव्हा यात्नोच्या गाडीला खालचा फाळका तोच राहिला. वरची फळी मात्र विगातीने घासून काढली आणि नवीन लिहिली. आज आमच्या रस्त्यावर ती गाडी दिसली तर जरा अंतर ठेवूनच वाचा. वर आहे – 'आई नि गाडी, रोज भांडण,' आणि खाली – 'तिसरी आणली, दोघींचं जमलं!'

बू तुमिनी म्हणतात, हे साफ खोटं आहे, गाडीशी त्यांचं अजून जमलेलं नाही. पण भात वाढताना आता सुस्कारा येत नाही.

सही करायची वेळ आली तेव्हा विगातीने सवयीने 'गि' काढला होता. म्हातारा मागे येऊन उभा राहिला. "तो पूस," म्हणाला, आणि आत जाऊन झोपला. म्हणून तिथे थोडा डाग आहे, आणि डागाच्या पुढे बारीक अक्षरात – 'विगाती, वेलेरी'.

लग्नाच्या आदल्या दिवशी यात्नो एक पिशवी घेऊन आला. फाळक्याआड पाय दिसत होते. त्याने खाली वाकून पिशवी त्यांच्याजवळ ठेवली. आत नव्या चपलांचे दोन जोड होते, एक निळा, एक हिरवा.

"दोन कशाला, कांग?" फाळक्याआडून आवाज आला. 'कांग' हा शब्द पहिल्या दिवशीचाच होता, पण आता त्याला 'तुमचा रुमाल कुठाय' असं नवऱ्याला विचारणारा सूर होता.

"प्रत्येकातली एक घाल," यात्नो म्हणाला. "नाहीतर मी ओळखणार कशी?"